एमएक्स-५ : रेडिएटर आणि इनटेक, कामाच्या नोंदी

२ फेब्रुवारी

गाडी माझदा एमएक्स-५, दुसऱ्या पिढीची, म्हणजे १९९८ ते २००५ या काळात निघालेली एनबी. माझी २००२ ची, १.८ लिटर, मॅन्युअल. इंजिनाला आतून कुणी हात लावलेला नाही, टर्बो नाही. एसी चालू आहे आणि तो चालूच ठेवायचा आहे.

कामाचं कारण रेडिएटरची वरची टाकी. ही प्लास्टिकची टाकी नवी असताना काळीकुळकुळीत असते. वय झालं की आधी करडी पडते, मग मातकट हिरवट. तो रंग आला की प्लास्टिक ठिसूळ झालं असं समजायचं. माझी टाकी त्या रंगाला पोचली आहे. नखाने खरवडली तर भुकटी निघते. टाकी कोअरला, म्हणजे रेडिएटरच्या मधल्या नळ्यांच्या जाळीला, जिथे पत्र्याच्या दुमडीने आवळलेली असते, तिथे डाव्या कोपऱ्यात कूलंट वाळून पापुद्रा धरलाय. अजून गळत नाही. पण हे प्लास्टिक थेंबथेंब गळून आगाऊ सूचना देईल याचा भरवसा नाही. उभी चीर गेली की दोन मिनिटांत सगळं कूलंट रस्त्यावर.

बदलायचाच आहे तर पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर घालू, आणि पुढचा भाग उघडतोच आहे तर इनटेकही, म्हणजे इंजिनात हवा नेणारी वाट, त्यातच उरकून घेऊ, असा बेत. एनबीत फिल्टरचा डबा डाव्या पुढच्या कोपऱ्यात असतो, थ्रॉटल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप, उजवीकडे, आणि दोघांना जोडणारी नळी रेडिएटरच्या मागून आडवी जाते. त्यामुळे एक काढायला घेतलं की दुसरं अर्धं निघालेलंच असतं.

८ फेब्रुवारी

पाना हातात घेण्याआधी आकडे. डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या सुईवर विसंबण्यात अर्थ नाही. एनबीची सुई मुद्दाम आळशी ठेवलेली आहे. इंजिन एकदा गरम झालं की बराच मोठा पट्टा ती मध्यावरच उभी राहते, आणि हलते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून गाडीच्या संगणकातले आकडे देणाऱ्या ओबीडी सॉकेटला ब्लूटूथचं डोंगल लावलं आणि मोबाइलवर कूलंटचं तापमान, आत जाणाऱ्या हवेचं तापमान आणि इंधनाचे ट्रिम (संगणक पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतो ते) असं सगळं नोंदवत गेलो. या मॉडेलला हवेच्या तापमानाचा सेन्सर मास एअर फ्लो मीटरमध्येच, म्हणजे आत जाणारी हवा मोजणाऱ्या मीटरमध्येच, बसवलेला असतो, वेगळा शोधावा लागत नाही.

बाहेर ३१ अंश. सपाट रस्त्यावर एका वेगात कूलंट ८८ ते ९०. उभ्या गाडीत ९७ च्या आसपास पंखा लागतो आणि ९२ ला बंद होतो. नेहमीचा लांब चढ तिसऱ्या गिअरमध्ये जोर लावून चढलो तर माथ्यावर १०४. आत जाणारी हवा चालत्या गाडीत ३७, दहाएक मिनिटं उभी ठेवली की ५२.

यातला ८८ चा आकडा थर्मोस्टॅट ठरवतो, रेडिएटर नाही. थर्मोस्टॅट त्याच सुमाराला उघडतो, आणि त्याखाली तापमान जाऊ लागलं की पुन्हा मिटू लागतो. तेव्हा ‘मोठा रेडिएटर टाकला आणि गाडी थंड चालायला लागली’ असं कुणी म्हणालं की आधी विचारावं, कुठे? सपाट रस्त्यावर काहीच फरक पडायला नको. पडला तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. मोठ्या रेडिएटरचा उपयोग फक्त त्या १०४ ला.

९ फेब्रुवारी

इनटेकसाठी पाण्याचा मॅनोमीटर केला. फळीवर पारदर्शक नळी इंग्रजी ‘यू’ आकारात ठोकली, अर्धी रंगीत पाण्याने भरली. एक तोंड मोकळं, दुसरं लांब नळीने थ्रॉटलच्या आधीच्या जागी. त्यासाठी ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली तेलाची वाफ इनटेकमध्ये आणणाऱ्या, नळीचं तोंड चाचणीपुरतं उधार घेतलं आणि व्हॉल्व्ह कव्हरकडची बाजू बुचाने बंद केली. इंजिन हवा ओढायला लागलं की पाणी एका बाजूला चढतं. दोन पातळ्यांमध्ये जितके सेंटिमीटर, तितका अडथळा. धाकटा भाऊ फळी मांडीवर धरून शेजारी बसला, मी मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिला.

मूळ डबा, नवा कागदी फिल्टर, साडेसहा हजार आरपीएम: ३३ सेंटिमीटर. फिल्टर काढून डबा बंद केला: २९. फिल्टर परत घातला आणि डब्याच्या तोंडाची अरुंद नळी काढली: २१.

म्हणजे ज्या फिल्टरच्या नावाने सगळी जाहिरातबाजी चालते, त्याचा वाटा ४ सेंटिमीटरचा. त्याच्या पुढच्या तोंडाचा १२ चा.

आता हिशेब. वातावरणाचा दाब म्हणजे पाण्याचा साधारण १०३३ सेंटिमीटर उंचीचा स्तंभ. त्यात ३३ म्हणजे जेमतेम ३ टक्के. उद्या अडथळा पूर्ण शून्य केला, जो कधीच होत नाही, तरी इंजिनाला मिळणार ३ टक्के जास्त हवा. दुसऱ्या बाजूला, या तापमानाला हवा दर ३ अंशांना सुमारे १ टक्का विरळ होते. म्हणजे हवा ९ अंशांनी तापली की ते ३ टक्के गेले. शंकूच्या आकाराचा उघडा ‘कोन’ फिल्टर बॉनेटखाली बसवून नळी चकचकीत करणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर मांडून पाहावं. एनबीत तर तापलेला धूर बाहेर नेणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्डही डावीकडेच, फिल्टरच्याच बाजूला.

इंजिन हवा खातं किती, हेही काढून ठेवलं. १८३९ सीसी, चार स्ट्रोक, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास. ७००० आरपीएमला कागदावर मिनिटाला ६४०० लिटरच्या वर, सेकंदाला शंभराच्या पुढे. एवढी हवा हेडलाइटमागच्या चिंचोळ्या तोंडातून ओढायची तर ते तोंडच अडणार.

१५ फेब्रुवारी

रेडिएटर आला. कोअर ३७ मिलिमीटरची घेतली. ५३ चीही मिळते. जाड म्हणजे चांगली हे गणित वाटतं तितकं सरळ नाही. हवा पुढच्या नळ्यांमधून जाताना तापते आणि मागच्या नळ्यांना तीच तापलेली हवा मिळते. शिवाय जाड कोअरमधून हवा ढकलायला जास्त दाब लागतो. वेगात तो रस्त्यावर मिळतो, रहदारीत सगळा भार पंख्यावर येतो. ट्रॅकवर दिवसभर पळणाऱ्या टर्बो गाडीला ५३ समजू शकतो. माझ्या गाडीला एसीचा कंडेन्सर पुढे आणि मूळचे पंखे मागे, मग ३७ पुरे. जाड कोअरमुळे पंख्यांचं आवरण मागे सरकतं आणि मग जागेसाठी मारामारी सुरू होते, तीही नको होती.

खोक्यातून काढल्यावर आधी आत डोकावलो. बारीक टॉर्च लावून वरच्या तोंडातून बघितलं तर तळाला अ‍ॅल्युमिनियमचा कीस चमकत होता. वेल्डिंग आणि कटाईतली घाण. ती तशीच आत राहिली तर थेट वॉटर पंपाच्या सीलकडे आणि हीटरच्या बारीक नळ्यांमध्ये जाणार. पाइप लावून उलटसुलट धुतला, कीस येणं थांबेपर्यंत. शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्याने.

खालच्या टाकीला दोन जास्तीची तोंडं आहेत. ती ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलासाठी. मॅन्युअल गाडीत ती नुसती बंद ठेवायची. बुचं सोबत आली होती. तिथे आत तेलाचा वेगळा कूलर असतो, म्हणजे बुच गळलं तरी कूलंट बाहेर येणार नाही, पण माती आत जायला नको.

मग दाबाची चाचणी. खालचं तोंड बंद, वरून हातपंपाने १ बारचा दाब, आणि वेल्डवर साबणाचं पाणी. रात्रभर ठेवला, काटा हलला नाही. हे गाडीत बसवण्याआधी करायचं काम आहे. बसवल्यावर गळती सापडली तर पुन्हा सगळं उतरवा.

झाकण १.३ बारचं पाठवलंय. ते बाजूला ठेवलं. मूळ ०.९ च्या आसपासचं आहे, तसंच नवं आणलं. दाब वाढवला की उकळबिंदू वाढतो हे खरं, पण तो वाढीव दाब जुन्या हीटरलाही सोसावा लागतो, आणि हीटर डॅशबोर्डच्या पोटात असतो. ५०:५० मिश्रण उघड्यावर १०६-१०७ ला उकळतं, ०.९ बारच्या झाकणाखाली १२० च्या पुढे. माझा सगळ्यात वाईट आकडा १०४. मग कशाला?

२२ फेब्रुवारी

उतरवण्याचा दिवस. पुढचा भाग जॅकने उचलून स्टँडवर ठेवला, खालची प्लास्टिकची पाटी काढली, खालचा नळ उघडला. मूळ क्षमता सुमारे ६ लिटर, पण बादलीत आलं साधारण ४. बाकीचं ब्लॉक आणि हीटरमध्ये अडून राहतं. रंग हिरवा, तळाला तपकिरी गाळ थोडा.

वरचा होस पाइप थर्मोस्टॅटच्या नळीला इतका चिकटला होता की ओढून निघेना. अशा वेळी ओढायचंच नाही. ती नळी अ‍ॅल्युमिनियमची, वाकली तर नवी आणावी लागते. ब्लेडने पाइपवर उभा छेद दिला आणि सालीसारखा सोलून काढला. होस नवे घालायचेच होते.

पंखे आवरणासकट वर निघाले. रेडिएटर वरच्या दोन कंसांवर असतो, १० नंबरचे बोल्ट. एक बोल्ट सुटताना कुरकुरला, त्याला पेनिट्रेटिंग ऑइल पाजून चहा घेऊन आलो, मग सुटला. खालच्या दोन खुंट्या रबरी बुशात बसतात. ती रबरं चपटी झाली आहेत, बदलणार. पूर्ण अ‍ॅल्युमिनियमच्या रेडिएटरला ही रबरं नुसत्या थरथरीसाठी नसतात. रेडिएटर आणि बॉडी यांत थेट धातूचा संबंध येऊ नये, कारण आला तर भटका करंट कूलंटमधून वाट काढतो आणि अ‍ॅल्युमिनियम आतून खातो.

कंडेन्सरचे फिन बघून हसावं की रडावं. खालचा एक पट्टा खडे लागून पूर्ण झोपला आहे, आणि कंडेन्सर व जुन्या रेडिएटरच्या मधल्या फटीत वाळलेली पानं, पिसं आणि किड्यांची गोधडीच शिवली गेली होती. फिनच्या कंगव्याने सरळ केले जमतील तेवढे. उलट बाजूने, म्हणजे इंजिनाकडून पुढे, हलक्या दाबाचं पाणी. प्रेशर वॉशर इथे आणायचा नाही, उरलेलेही झोपतील.

२३ फेब्रुवारी

नवा रेडिएटर खालच्या बुशात नीट बसला. वरच्या कंसाचं भोक उजवीकडे ३ मिलिमीटर चुकलेलं. वर्णनात ‘बोल्ट-ऑन’ असं ठळक लिहिलं होतं. तिरका बोल्ट घुसवून आटे मारण्यापेक्षा कानस घेतली आणि कंसाचं भोक लांबट केलं. कानशीचा चुरा फिनमध्ये जाऊ नये म्हणून आधी कोअरवर पुठ्ठा चिकटवला होता.

पंख्यांच्या आवरणाचे चारपैकी तीन बोल्ट जुळले. चौथ्याला ५ मिलिमीटरचा स्पेसर द्यावा लागला, नाहीतर आवरण पिळलं जात होतं. नव्या रेडिएटरचे आटे अ‍ॅल्युमिनियममध्ये कापलेले आहेत, तेव्हा एम-६ ला ८ न्यूटन-मीटर, त्याच्या वर नाही, आणि आटे पुढे जाम होऊ नयेत म्हणून थोडं अँटी-सीझ. आवरणाच्या कडेला आणि कोअरच्या मध्ये बोटभर फट राहत होती. पंखा तिथूनच हवा ओढणार, कोअरमधून कशाला ओढेल? कडेने बंद पेशींचा फोम चिकटवला. फट संपली.

थर्मोस्टॅट नवा, मूळ तापमानाचाच.

इथे एक फाटा फुटतो आणि मी तो घेतला नाही, त्याचीही नोंद. हे ‘बी’ घराण्याचं इंजिन मूळचं पुढच्या चाकांवर चालणाऱ्या माझदा ३२३ साठी, आडवं बसवायला केलेलं. तिथे कूलंट हेडच्या दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. एमएक्स-५ मध्ये इंजिन उभं आलं आणि थर्मोस्टॅट पुढे, पहिल्या सिलिंडरशी आला. कूलंट पुढून आत, पुढूनच बाहेर, त्यामुळे मागच्या चौथ्या सिलिंडरच्या वाट्याला प्रवाह कमी. त्यावर उपाय म्हणून बरेच जण थर्मोस्टॅट मागे नेतात, त्याला रीरूट म्हणतात. टर्बो लावायचा झाला तर रेडिएटरच्याही आधी ते करीन. आत्ता नको.

१ मार्च

कूलंट भरणं. ब्लॉकमध्ये अडलेलं जुनं पाणी बाहेर काढण्यासाठी डिस्टिल्ड पाणी भरून इंजिन गरम केलं, सोडलं, आणि बाहेर येणारं पाणी निवळ होईस्तोवर तेच चालवलं. आता आत साधारण २ लिटर डिस्टिल्ड पाणी अडून आहे. म्हणून आधीच मिसळलेलं ५०:५० ओतलं तर मिश्रण पातळ होतं. त्याऐवजी ६ लिटरच्या निम्मे, ३ लिटर, नुसतं घट्ट कूलंट आधी ओतलं आणि मग डिस्टिल्ड पाण्याने तोंडापर्यंत. नवा रेडिएटर थोडा जास्त पितो, तेवढं घट्ट वाढवलं. शेवटी मिश्रणाचं प्रमाण दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरने तपासलं, निम्म्याला निम्मं. आणि एकाच जातीचं. जुनं हिरवं आणि नवं लाँगलाइफ एकत्र करायचं नाही.

हवा काढायला गाडीचं नाक उंच, हीटर पूर्ण गरमवर, वरच्या तोंडात उंच नरसाळं. इंजिन चालू ठेवून वरचा होस हाताने दाबत राहायचं. पहिल्यांदा मोठे बुडबुडे, मग थर्मोस्टॅट उघडल्यावर पातळी एकदम घसरते, मग बारीक फेस. पंखा दोनदा लागून बंद झाला, हीटरची हवा शेवटपर्यंत कढत राहिली, नरसाळ्यात बुडबुडा नाही. झाकण लावलं.

२ मार्च

त्याच चढावर, बाहेर ३२. सपाटीवर ८८-८९, म्हणजे काहीही फरक नाही, आणि तेच अपेक्षित होतं. माथ्यावर १००. आधी १०४ होते. उभ्या गाडीत पंखा लागण्या-बंद होण्याचे आकडे तेच, पण ९७ वरून ९२ ला उतरायला कमी वेळ लागतो.

इतका खर्चिक भाग आणि ४ अंश. आता फुकटातलं काम बाकी आहे.

८ मार्च

बंपरच्या तोंडातून आत आलेली हवा रेडिएटरमधूनच जाईल असं आपण गृहीत धरतो. हवेला तशी काही बांधिलकी नाही. कोअरमधून जाणं तिला जड जातं, त्यामुळे वरची फट, बाजूची फट, खालचा मोकळा भाग, जिथे वाट मिळेल तिथून ती निसटते. माझ्या गाडीत बंपर आणि रेडिएटरच्या वरच्या पट्टीमध्ये हात जाईल एवढी जागा होती. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये दोन्ही बाजूंना २ सेंटिमीटर. खालच्या पाटीच्या निम्म्या क्लिपा गायब, त्यामुळे वेगात ती लोंबकळत असणार.

खालची पाटी बरेच जण तेल बदलताना कटकट म्हणून काढूनच टाकतात. ती चिखलाकरता नाही हो. नाकाखालची हवा थेट इंजिनच्या खोलीत शिरू नये, रेडिएटरमागे दाब कमी राहावा, यासाठी ती असते. मागचा दाब वाढला की पुढची हवा आत येईल कशाला?

वरची झाकणपट्टी १.५ मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची केली. आधी पुठ्ठ्याचा नमुना, बॉनेटच्या कुलुपाला जागा सोडून, मग पत्रा कापून कडा घासल्या आणि मागची कड दुमडली म्हणजे थरथरणार नाही. बाजूंना दाट फोमच्या पट्ट्या, कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये दाबून बसतील अशा. उघड्या पेशींचा स्पंज इथे चालत नाही. पाणी पितो, कुजतो. पाटीला नव्या क्लिपा.

९ मार्च

बाहेर ३२, तोच चढ, तोच गिअर. माथ्यावर ९५.

रेडिएटरने ४ अंश, फोम आणि पत्र्याने ५. जुना रेडिएटर ठेवून आधी हेच केलं असतं तर कदाचित आकडा शंभराखाली आला असता. टाकी तशीही बदलायची होती म्हणून ठीक. पण नुसतं तापमान उतरवायचं असेल तर खरेदी शेवटी करा.

१५ मार्च

इनटेक. किटमध्ये अ‍ॅल्युमिनियमची आडवी नळी, सिलिकॉनचे जोड, कोन फिल्टर, आणि ‘हीट शील्ड’ म्हणून एक वाकवलेला पत्रा, ज्याला दोनच बाजू आहेत. मूळचा मास एअर फ्लो मीटर तसाच वापरता येतो, त्यासाठी अडॅप्टर दिलाय. ही अट मी घेतानाच घातली होती. मीटर हवा मोजतो ती तारेवरून जाणाऱ्या प्रवाहावरून, आणि त्यावरून एकूण हवेचा अंदाज मीटरच्या घेराशी बांधलेला असतो. घेर बदलला की तोच आकडा वेगळी हवा दाखवतो, ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) हवा कमी वाटते, तो पेट्रोल कमी देतो. ट्यूनिंग न करता मोठ्या घेराचं घर बसवणं म्हणजे इंजिन लीन करण्याचा, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पाडण्याचा, सोपा मार्ग.

आधी नुसता कोन लावून फेरी मारली, किट जसं सांगतं तसं. भाऊ खूश. ‘दादा, गाडी पळायला लागली की!’ म्हटलं, पळत नाही रे, ओरडते. मूळ आडव्या नळीवर आवाज गिळणारे पोकळ कप्पे असतात, ते गेले, म्हणून हा घरघराट. मलाही आवडला, खोटं कशाला बोला. पण आकडे: बाहेर ३१, चालत्या गाडीत आतली हवा ४१, उभी ठेवल्यावर ६६. मूळ डब्यात ३७ आणि ५२ होती. मॅनोमीटर १६ दाखवतोय, ३३ वरून १६, आणि त्यातलं बरंचसं गरम हवेने परत नेलं.

मग डबा करायला बसलो. तळ, मागची भिंत, एक्झॉस्टकडची भिंत पत्र्याची. एक्झॉस्टच्या बाजूला पत्रा आणि भिंतीमध्ये हवेची फट ठेवून दुसरा पत्रा. वरून झाकण नाही, बॉनेटच झाकण. कडेला गोल रबर. बॉनेट बंद झाल्यावर कडेपासून किती अंतर राहतं हे डोळ्याने कळत नाही. मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीचे गोळे कडेवर ठिकठिकाणी ठेवले, बॉनेट बंद केलं, उघडलं. गोळे चेपून ६ ते १४ मिलिमीटर राहिले. मागच्या बाजूला कड ८ मिलिमीटर वाढवली, मग रबर सगळीकडे सारखं दाबलं गेलं.

तोंड बंपरच्या जाळीमागून, ७५ मिलिमीटरच्या लवचीक नळीने. नळीचं टोक बंपरच्या खालच्या कडेपेक्षा बरंच वर ठेवलंय. खाली, फॉगलाइटच्या जागी नेलं असतं तर हवा आणखी थंड मिळाली असती, पण साचलेल्या पाण्यात एकदा टोक बुडलं की इंजिन पाणी ओढणार. पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. डब्याच्या तळाला पाणी निघून जायला भोक ठेवलं.

१६ मार्च

मीटरच्या लगेच आधी वळण आलं तर तारेवर हवा घोळक्याने येते आणि मोजमाप डळमळतं. डब्यात कोन दोन तऱ्हांनी बसू शकत होता. कोपराच्या जोडाने आडवा बसवला तर लाँग टर्म ट्रिम +७ वर गेला. मूळचा होता +२. सरळ बसवून, मीटरच्या आधी हातभर नाही पण वीतभर सरळ नळी दिली, तर +३. सरळच ठेवला, नळीची जागा थोडी अडचणीची झाली तरी.

व्हॉल्व्ह कव्हरकडून येणारा ब्रीदर मीटर आणि थ्रॉटलच्या मध्येच जोडायचा. काही जण तिथे छोटा फिल्टर खोचून मोकळा सोडतात. मग तिथून न मोजलेली हवा आत येते किंवा तेलाची वाफ बॉनेटखाली पसरते. किटच्या नळीला त्यासाठी तोंड आहे, पण मूळ नळीपेक्षा एका मापाने मोठं. नवा रबरी पाइप घातला, ताणून बसवला नाही.

फिल्टर कोरडा घेतला. तेल लावून वापरायचे एअर फिल्टर वाईट नसतात, पण साफ केल्यावर तेल थोडं जास्त झालं की ते मीटरच्या तारेवर चढतं. ती कटकट नको.

२२ मार्च

बाहेर ३१. चालत्या गाडीत आतली हवा ३४. उभी ठेवल्यावर ५०, म्हणजे मूळ डब्यासारखीच, पण गाडी हलली की लवकर उतरते. मॅनोमीटर १७.

अडथळा १६ सेंटिमीटरने कमी, म्हणजे दीड टक्का. हवा ३ अंशांनी थंड, म्हणजे एक टक्का. ढोबळमानाने अडीच टक्के. १४६ अश्वशक्तीच्या गाडीत हे तीन-चार घोडे झाले, तेही पायाखाली अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर. किटच्या खोक्यावर याच्या कितीतरी पट छापलंय. आवाज धरला तर मी समाधानी आहे.

५ एप्रिल

तपासणी. मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकाला, लाल पिन रेडिएटरच्या तोंडातून नुसत्या कूलंटमध्ये, धातूला न लावता. इंजिन, दिवे, पंखे, एसी सगळं चालू. ०.०८ व्होल्ट. ०.३ च्या वर गेला असता तर कुठली तरी अर्थिंगची वायर सैल आहे असं धरून शोधायला लागलो असतो.

सिलिकॉन होसचे क्लॅम्प थंड इंजिनावर पाव-पाव फेरी आवळले गेले. सिलिकॉन बसकण मारतो, पहिल्यांदा हे करावंच लागतं. खालच्या होसवर पंख्याच्या आवरणाची कड घासल्याची चकाकी दिसली, नुसती चमक, खोल नाही. तिथे जुन्या होसचा चिरलेला तुकडा पट्टीने बांधला. इनटेकच्या आडव्या नळीचा एक कंस थरथरतोय, रबरी वॉशर टाकले.

१७ मे

बाहेर ३९. एसी चालू ठेवून तोच चढ. माथ्यावर ९९, एसी बंद न करता. उभ्या गाडीत दोन्ही पंखे चालू असताना ९४ ते ९६ मध्ये घुटमळत राहतं, वर जात नाही. आत जाणारी हवा चालताना ४२. ट्रिम +३ वर स्थिर.

कोन फिल्टरच्या पुढच्या तोंडाशी धूळ अपेक्षेपेक्षा जास्त. बंपरमागची नळी समोरचं सगळं गोळा करते. नळीच्या तोंडाला जाडी जाळी लावणार आणि फिल्टर मूळच्या निम्म्या अंतराला बदलणार. वरच्या झाकणपट्टीच्या डाव्या कोपऱ्यातला फोम उष्णतेने सुटलाय. तिथे चिकटपट्टीऐवजी रिव्हेट आणि रबराची पट्टी. झाकणाचं सील आणि ओव्हरफ्लो बाटलीची पातळी ठीक.